मेढ्याच्या वरच्या अंगाला स्की कॉटेजसारखं घर टिकेल का?

घाटकर_सातारा: मंडळी, जावळी तालुक्यातल्या मेढ्याच्या वर गावठाणात वडिलांची जागा आहे, तिथं सुट्टीपुरतं छोटं घर बांधायचंय. बायकोनं इन्स्टावर ती स्वित्झर्लंड-ऑस्ट्रियाकडची नवी स्की कॉटेजेस बघितलीत, पुढची अख्खी भिंत काचेची, आतबाहेर लाकूड, छप्पर पार जमिनीला टेकलेलं. आर्किटेक्ट म्हणतोय करू की, गावातला मिस्त्री नुसता हसतोय. कुणी केलंय का असलं?

सिव्हिलवाला_कराड: मिस्त्री उगाच नाही हसत. ते जमिनीला टेकणारं छप्पर म्हणजे ए-फ्रेम, अमेरिकेत १९५०-६० च्या सुमारास त्याचं पेव फुटलं, उभ्या उतारावरून बर्फ आपोआप घसरून जातो म्हणून. आल्प्समधल्या जुन्या घरांचा उतार उलट बेताचा असतो, बर्फ मुद्दाम वर राहू देतात, तो गोधडीसारखी ऊब धरतो. आपल्याकडं भानगड वाऱ्याबरोबर आडव्या येणाऱ्या पावसाची. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिमीच्या वर पडतो, मेढ्याला तेवढा नाही पण वर चढाल तसा वाढतोच. पश्चिमेला काच लावली की जुलैभर जॉइंटमधून पाणी पुसत बसा.

मिरजकर_परदेशी: मी ऑस्ट्रियात इन्सब्रुकला असतो. या घरांचं खरं काम फोटोत दिसतच नाही, तीन पदरी काच, भिंतीत जाड इन्सुलेशन, आणि छपराखाली हवा खेळायला फट, कारण घरातली ऊब वर गेली की बर्फ वितळतो, कडेला येऊन परत गोठतो, मग मागं तुंबलेलं पाणी छपरातून आत शिरतं. तुम्ही ती फट तेवढी घ्या, ओल वाळायला बरी. अजून एक, दारातून आत शिरलं की आधी बुटांची खोली असते, फरशी खडबडीत, भिंतीला गरम हवेचे पाइप आणि त्यावर ओले बूट उलटे खोचलेले. रेनकोट आणि चिखलाच्या चपलांना असली खोली काढाच, काचेपेक्षा जास्त कामाला येईल.

जावळीचा_गडी: बाहेरून पाइन लावू नका राव, वाळवी चट्टामट्टा करंल. महाबळेश्वरात पूर्वी पावसाळ्याच्या तोंडाला भिंतींना गवताच्या ताट्या बांधायचे, जांभ्याच्या असल्या तरी, यावरून काय ते समजा. आणि आधी परवानगीचं बघा, महाबळेश्वर-पाचगणीला २००१ पासून इको सेन्सिटिव्ह झोन आहे, म्हणजे निसर्ग जपायला बांधकामावर बंधनं, तुमचं गाव हद्दीत येतं का ते तलाठ्याला विचारा.

घाटकर_सातारा: सगळं बायकोला वाचून दाखवलं. बुटांची खोली पसंत, पण काच पाहिजे म्हणजे पाहिजेच म्हणते. पूर्वेला लावली तर?

सिव्हिलवाला_कराड: पूर्वेला चालेल, वरून छप्पर चार फूट तरी बाहेर काढा. पश्चिमेला जांभा आणि एखादी बारकी खिडकी, बास. आणि तो हसणारा मिस्त्री सोडू नका.