औक्षणाचे फोटो आणि किट लेन्स

दोन वर्षांच्या मुलीचे आणि घरच्या समारंभांचे फोटो काढायला कॉम्पॅक्ट (खिशात मावणारा छोटा कॅमेरा) घेऊ की एसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा), असं एकाने विचारलंय. अशा चर्चेत मेगापिक्सेलवरून, म्हणजे फोटोत किती लाख ठिपके मावतात यावरून, बरीच खडाजंगी होते, पण 4 × 6 इंची प्रिंटला दोन-अडीच मेगापिक्सेल पुरतात हो! खरा फरक सेन्सरचा, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीचा; ती मोठी असली की कमी उजेडातही फोटो बरा येतो. साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण 6 × 4.5 मिमी, सुरुवातीच्या एसएलआरचा 23 × 15 मिमीच्या आसपास. म्हणजे क्षेत्रफळ बारापट.

हे कळतं ते संध्याकाळी, औक्षणाच्या वेळी. कॉम्पॅक्ट फ्लॅश मारतो आणि निरांजनाचा चेहऱ्यावर पडलेला पिवळसर उजेड पार धुऊन निघतो. फ्लॅश बंद केला तर पोरगी हलते, फोटोही हलतो.

पण नुसता एसएलआर घेऊन भागत नाही. कॅमेऱ्यासोबत येणारी 18-55 मिमीची झूम (‘किट’) लेन्स 55 ला एफ/5.6 वर जाते; एफचा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. एफ/1.8 ची लेन्स तिच्या नऊ-दहापट प्रकाश आत घेते. फ्लॅटच्या हॉलमध्ये 50 मिमी अडचणीची होते, मागे सरकायला भिंत आडवी येते; 35 मिमी बरी. निकॉन डी3000 मालिकेतला कॅमेरा घेतलात तर लेन्स ‘एएफ-एस’, म्हणजे स्वतःची फोकसची मोटर असलेली, आहे ना ते बघा. त्या बॉडीत फोकसची मोटर नसते, मोटर नसलेल्या जुन्या ‘डी’ लेन्सना हाताने फोकस करावा लागतो.

एवढं धूड सहलीला न्यायचा कंटाळा येणार असेल, तर सरळ कॉम्पॅक्ट घ्या. कपाटातल्या एसएलआरला बुरशीच लागते, कोकणात तर हमखास.