मदत हवी आहे: म्हशीच्या पांढऱ्या पेशी जंतू गिळतात, मग कासदाह (कासेची सूज, मस्टायटिस) परत का येतो?

रामराम मंडळी. मी चोपड्याकडचा, घरी चार म्हशी. एक व्याली आणि बाराव्या दिवशी मागच्या उजव्या सडातून दुधाच्या गाठी. औषधाने बरी झाली, महिन्यात पुन्हा तेच! दूध तपासलं तर स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू निघाला.

डॉक्टरसाहेबांनी समजावलं ते असं: रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी कासेत येतात. जंतूवर प्रतिपिंडं (शरीर जंतूविरुद्ध बनवतं ती प्रथिनं, अँटीबॉडी) चिकटली की तीच खूण धरून त्याला गिळतात आणि आत मारतात. पण हा जंतू लबाड. त्याच्या अंगावरचं 'प्रोटीन ए' प्रतिपिंडाला उलटं धरतं, म्हणजे खूणच लपते. गिळला तरी पेशीत जिवंत राहू शकतो. वर त्या पेशी दुधातली चरबी आणि केसिनही (दुधातलं प्रथिन) गिळत बसतात (आमच्याकडच्या पंगतीसारखं, भो), मग जंतू मारायची ताकद उरत नाही. व्यायच्या सुमारास तर त्या तशाही मंदावतात.

आता विचारायचं हे: व्यायच्या आधी व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम देऊन कोणाला फरक पडला का? आमच्याकडे सरकी ढेप आणि कडबाच जास्त, हिरवा चारा उन्हाळ्यात नावाला. आणि आटवताना (व्यायच्या आधी दूध बंद करताना) सडात औषध सोडलं तर लपलेला जंतू जातो का, की म्हैस विकावी?