कंपवात: पेशींच्या आशेवर डीबीएस लांबवावं का?

रानपाखरू:
"मेंदूत नवीन पेशी घालता येणार आहेत म्हणे, मग आत्ता तारा कशाला घालून घ्यायच्या?" या तारा म्हणजे डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन): मेंदूत खोलवर इलेक्ट्रोड ठेवून बॅटरीने सौम्य वीज द्यायची शस्त्रक्रिया. कंपवाताच्या रुग्णांच्या घरून हा प्रश्न मी वर्षभरात तीनदा ऐकला. एकाने तर शस्त्रक्रियेची ठरलेली तारीख पुढे ढकलली. म्हणून लिहितोय. माझ्या मते ही चूक आहे.

फ्रान्समधल्या ग्रेनोबलला मेंदूचे शल्यविशारद बेनाबिद यांनी १९८७ मध्ये थॅलॅमस या मेंदूतल्या खोल भागाला सतत विजेचे झटपट ठोके देऊन कंप थांबवता येतो हे दाखवलं. पुढे त्याच्या खालच्या सबथॅलॅमिक न्यूक्लियस या छोट्या भागात इलेक्ट्रोड ठेवल्यावर ताठरपणा आणि मंदपणाही कमी झाला, गोळ्या कमी झाल्या. करंट वाढवता येतो, घटवता येतो, नको तर बंद करता येतो. पेशी एकदा आत गेली की तिला बटण नाही. पेशींच्या प्रत्यारोपणाच्या २००१ च्या चाचणीत ४० रुग्ण होते. निम्म्यांच्या मेंदूत भ्रूणातल्या पेशी घातल्या, निम्म्यांच्या कवटीला तुलनेसाठी नुसती भोकं पाडली. साठीच्या आतल्यांना थोडा फायदा झाला. पण पुढे प्रत्यारोपण झालेल्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांचं अंग गोळ्या कमी किंवा बंद करूनही वेडंवाकडं हलत राहिलं.

सांजवेळ:
साफ असहमत. त्या चाचणीवरून आजच्या पेशी जोखणं अन्यायाचं आहे. तेव्हा एकेका रुग्णासाठी अनेक भ्रूणांतलं ऊतक गोळा करावं लागे, त्यात डोपामिन (कंपवातात मेंदूत कमी पडणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी किती आणि इतर किती याला धरबंध नसे. जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ मध्ये साध्या पेशीला पुन्हा मूलपेशी (जिच्यापासून हव्या त्या प्रकारची पेशी घडवता येते ती) करायची वाट दाखवली. आता हव्या त्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून, तपासून घेता येतात. एप्रिल २०२५ मध्ये दोन चाचण्यांचे निकाल आले: क्योटोत ७ रुग्ण, अमेरिका-कॅनडात १२. पेशींमुळे गाठ झाली नाही, तसली हालचालही दिसली नाही, आणि स्कॅनमध्ये डोपामिनचं काम वाढलेलं दिसलं.

डीबीएसबद्दल मी ऐकीव बोलत नाही. माझ्या वडिलांचं होऊन सहा वर्षं झाली. हात थांबला, ते पुन्हा सही करू लागले, त्या दिवशी आम्ही सगळे रडलो. पण आता दारातून जाताना पाय जमिनीला चिकटतात, बोलणं पुटपुटल्यासारखं झालंय, नावं विसरतात. बॅटरी बदलून झाली. आजार खालून पोखरतोच आहे.

अनुस्वार:
सांजवेळ, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, असे पाय रोज बघते. पण एक सांगायलाच हवं. तोल, विसरणं, आणि लिव्होडोपाच्या (मेंदूत डोपामिन भरून काढणाऱ्या) गोळीनेही न सुटणारं पाय अडकणं, हे बरंचसं डोपामिनपलीकडचं असतं. नुसत्या डोपामिनच्या पेशी घातल्या असत्या तरी यातलं फार काही टळलं नसतं.

रानपाखरू:
अनुस्वार, +१. आणि क्योटोचे आकडे नीट बघा: परिणाम मोजला तो ६ जणांत, औषधाविना हालचाल सुधारली ४ जणांत, तुलनेला दुसरा गट नाही. कंपवातात नुसत्या अपेक्षेनेही मेंदूत डोपामिन सुटतं, हे स्कॅनवर दिसलेलं आहे. शिवाय २००८ मध्ये शवविच्छेदनांत, दहा-पंधरा वर्षांपूर्वी घातलेल्या काही पेशींतही कंपवाताच्या लेवी गाठी (पेशीच्या आत साचणारे प्रथिनांचे गोळे) सापडल्या. म्हणजे नवी पेशीही त्याच आजारी घरात राहायला जाते.

सांजवेळ:
काही पेशींत, आणि तेही इतक्या वर्षांनी. तेवढी वर्षं रोजच्या गोळ्यांच्या चढउताराविना मिळणार असतील, तर मी ती आनंदाने घेईन. अनुस्वार, तुमचं म्हणणं पटलं, जड मनाने. पण एक मुद्दा कोणी मांडलाच नाही: आधी डीबीएस झालेल्यांना पेशींच्या चाचण्यांत सहसा घेत नाहीत. म्हणजे थांबणाऱ्याचं गणित अगदीच खोटं नाही.

केशरी:
चाचणीत नाव असेल तर थांबणं वेगळं. आमच्याकडे भावाला "मूलपेशी" म्हणून पाठीच्या कण्यात इंजेक्शनं दिली. पेशी कसल्या, किती, कुठून आल्या, काही लिहून दिलं नाही. पैसे आधी घेतले. फरक शून्य, महिनाभर डोकेदुखी मात्र राहिली. नाव चाचणीचं सांगतात, आणि पैसे रुग्णाकडून घेतात, तिथून सरळ उठून यावं.

रानपाखरू:
सांजवेळ, हा मुद्दा मी धरला नव्हता, मान्य. मग माझं म्हणणं असं बदलतो: ज्याची खऱ्या चाचणीसाठी निवड झाली आहे, त्याने डॉक्टरांशी बोलून जरूर थांबावं. पण ज्याने तारीख पुढे ढकलली त्याचं नाव कुठल्याच चाचणीत नाही. दिवसातले चार-पाच तास तो हालचालच करू शकत नाही, आणि डीबीएसचा फायदा मिळायचं वयही निघून चाललंय. उद्या त्याच्याकडे जातोय. अनुस्वार, पाय अडकण्याबद्दल त्याला काय विचारू, तेवढं सांगाल का?

अनुस्वार:
गोळीचा जोर असताना पाय सुटतात का, एवढंच आधी विचारा. सुटत असतील तर डीबीएसनेही सुटायची शक्यता चांगली आहे.