जोडाक्षराला अडणाऱ्या मुलांसाठी
दुसरीतला मुलगा वाचताना जोडाक्षर आलं की पुस्तक मिटतो, काय करावं, असं साताऱ्यातल्या एका पालकांनी विचारलंय. लगेच टोकू नका. तीन-चार सेकंद थांबा, नाही जमलं तर शब्द स्वतःच सांगा आणि वाक्य पुढे जाऊ द्या. तिथेच अक्षर फोडायला लावलं की आधीचा अर्थ निसटतो, गोष्टीतली गंमतच जाते. रफार वेगळा, पाटीवर घ्या: सूर्य, गर्दी, पर्वत. र उच्चारात आधी, पण लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. मुलं गोंधळतात ती इथेच. वाचून झाल्यावर 'काय कळलं सांग' अशी परीक्षा तर कृपया नकोच. साताऱ्यात आहात, तर पाचगणीजवळच्या भिलारला, पुस्तकांच्या गावी, एकदा न्याच. तिथे घराघरांत पुस्तकं मांडलेली असतात. निवड त्याची त्यालाच करू द्या, नुसत्या चित्रांचं उचललं तरी.