समृद्धी आमण्यापर्यंत आली; आग्रा रोडला आता ठाण्याचा शहरी रस्ताच समजायचा का?

कापूरबावडीकर
मुंबई–आग्रा, म्हणजे जुना एनएच 3, 1161 किलोमीटर. 2010च्या फेरबदलात तो आकडाही अटारी–लेह रस्त्याकडे गेला. 5 जून 2025ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा 76 किमीचा टप्पा सुरू झाला आणि नाशिकच्या गाड्यांना कसारा घाट टाळता येऊ लागला. मुंबईत मुलुंडपर्यंतच्या आग्रा रोडचा एलबीएस (लालबहादूर शास्त्री) मार्ग कधीच झालाय. ठाण्यातल्या माजिवड्यापासून भिवंडीपुढच्या वडप्यापर्यंतचा पट्टाही आता शहरी धरा: फुटपाथ, बसथांबे, दिवसा अवजड वाहनांना बंदी. वारशाचं कौतुक इंदूरकरांनी करावं, त्यांचा एबी (आग्रा–बॉम्बे) रोड अजून त्याच नावाने चालतो.

घाटमाथा
साहेब, नकाशा उघडा. समृद्धी आमण्याला संपते. तिथून वडपे आणि वडप्याहून माजिवडा. म्हणजे 701 किमीचा नवाकोरा सहापदरी रस्ता शेवटी याच जुन्या रस्त्याच्या गळ्यात पडतो. त्यात जेएनपीटीचे, म्हणजे न्हावाशेवा बंदराचे, कंटेनर कळंबोली, मुंब्रा बायपास, खारेगाव करत माणकोलीला येतात. मुंब्रा बायपास दुरुस्तीला बंद ठेवला की ऐरोलीपर्यंत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. बंदी कुठे घालणार?

काल्हेरचा गोदामवाला
इतिहास नुसता शोभेचा नाही. काशेली, काल्हेर, पूर्णा, वळ, दापोडे इथे गोदामं झाली त्याचं कारण हा रस्ता आणि मुंबईची जकात. माल जकात हद्दीबाहेर उतरवायचा, मागणी येईल तसा छोट्या गाडीने मुलुंड नाका ओलांडायचा. ग्रामपंचायतीची जमीनही स्वस्त.

कापूरबावडीकर
मुंबईची जकात 1 जुलै 2017ला गेली. मग कारणही गेलं.

काल्हेरचा गोदामवाला
उलट झालं. जीएसटी आल्यावर राज्याराज्यात छोटे डेपो ठेवायची गरज राहिली नाही. कंपन्यांनी ते बंद करून एकच मोठं गोदाम घेतलं आणि त्यासाठी भिवंडीच सोयीची पडली. गाड्या लहान होत्या त्या मोठ्या झाल्या. जकात गेल्याने नाक्यावरची रांग गेली, रस्त्यावरचा भार नाही.

घाटमाथा
घाट टळतो म्हणता, पण कोणाचा? समृद्धीवर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर चालत नाहीत. खर्डी, आटगाव, शहापूरच्या माणसाला जुनाच रस्ता. टोल वाचवणारे ट्रकही घाटानेच उतरतात, आणि तिथली चूक ठरलेली: डिझेल वाचवायला न्यूट्रल. इंजिनाची ओढ सुटली की सगळं वजन ब्रेकवर येतं, ब्रेकचा ड्रम तापतो, त्यातले लायनर जळून गुळगुळीत होतात आणि पकड जाते. वर सारखं पाय मारत राहिल्याने एअर ब्रेकच्या टाकीतली हवा उतरते ती वेगळीच. नियम जुना आहे: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून वेग रोखणारा) लावा, आणि गिअर घाटाच्या तोंडाशीच पाडा. वेग धरल्यावर खालचा गिअर पडत नाही.

खडी-डांबर
मुद्दा बाजूला राहतोय. हा पट्टा शहरी म्हणा नाहीतर महामार्ग, साकेत आणि खारेगावच्या पुलांचं काय? कोंडीचं मूळ बरेचदा तिथे असतं. एक्स्पान्शन जॉइंटवरून, म्हणजे पुलाच्या दोन तुकड्यांमधल्या हलत्या सांध्यावरून, डांबर ओढून नेलं की सांध्याच्या हालचालीने ते चिरतं, पाणी आत जातं आणि एका पावसात कडेचा तुकडा उडतो. मग भर पावसात पेव्हर ब्लॉक नाहीतर कोल्ड मिक्स (न तापवता भरायचं डांबर). कंटेनरची चाकं ते दोन दिवसांत उखडतात. सांध्याची पट्टी बदलायची, दोन्ही कडा काँक्रीटने बांधायच्या, पृष्ठभाग मॅस्टिकचा (ओतीव डांबराचा) करायचा, आणि हे सगळं मे संपायच्या आत. शिवाय कठड्याखालची पाणी जायची भोकं मोकळी ठेवायची. हे मात्र कोणी करत नाही.

कापूरबावडीकर
पूल दुरुस्त करा, हरकत नाही. रस्ता आठपदरी करूनही ती सगळी वाहतूक माजिवड्याच्या तोंडातूनच जाणार. म्हणून सकाळ-संध्याकाळ अवजड गाड्या पडघ्याच्या अलीकडे येऊच देऊ नका.

काल्हेरचा गोदामवाला
आणि उभ्या कुठे करायच्या? बंदीच्या वेळेत त्या नाहीशा होत नाहीत, माणकोली–रांजनोलीच्या सर्व्हिस रोडवर दोन रांगांत लागतात. मग तुमची बस मुख्य रस्त्यावरच थांबते. आधी वडप्याजवळ ट्रक टर्मिनल द्या: वजनकाटा, संडास, टायरवाला, रात्रीचे दिवे. तोवर बंदीची पाटी लावू नका.