फोन पत्ता बदलायलेत, मग अभ्यासिकेच्या वायफायनं पोरं ओळखायची कशी?

लातूरचा_अभ्यासिकावाला
राम राम मंडळी. लातूरात माझी अभ्यासिका आहे, नीटवाले अन स्पर्धा परीक्षेवाले पोरं बसतात. वायफायला पासवर्ड नाही, जोडलं की एक पान उघडतं, नंबर टाका, ओटीपी टाका, मग त्या फोनचा मॅक अॅड्रेस, म्हणजे वायफायवरचा त्याचा ओळखपत्ता, लिस्टीत जातो अन दुसऱ्या दिवसापासून नेट आपोआप चालू. एका पोराला दोन डिव्हाईस. इतके वर्ष कायच झंझट नव्हती. आता आयफोनवाले दर थोड्या दिवसाला दारात उभे, "सर परत ओटीपी मागायलंय, दोन डिव्हाईस फुल दाखवायलंय." लिस्टीत बघावं तर दोन्ही जागा एकाच फोनच्या वेगवेगळ्या पत्त्यांनी भरलेल्या! माझं म्हणणं सरळ आहे, ज्या जागेची तुम्ही फी भरली तिथं तोंड कशाला लपवायचं? बोर्डच लावायलोय, प्रायव्हेट अॅड्रेस (खरा मॅक झाकून खोटा सांगायची फोनमधली सेटिंग) बंद करा नाहीतर नेट नाही. बोला आता.

गोदाकाठ_नांदेड
एकदम बरोबर. अॅडमिशनला आधारची झेरॉक्स देताना कुणाची प्रायव्हसी आडवी आली नाही, अन आता फोनचा खरा मॅक द्यायला जीवावर यायलंय.

मांजराकाठची
दादा झेरॉक्स तुमच्या कपाटात राहती, मॅक हवेत फिरतो, हा फरक आहे. वायफायला कितीबी भारी पासवर्ड असूद्या, आतला मजकूर झाकला जातो पण मॅक उघडाच जातो, बाजूच्या दुकानात कुणी रिसीव्हर लावून बसला तरी त्याला दिसतो. अन खरा मॅक कंपनीतून येतो, ४८ बिटचा, पहिल्या २४ बिटावरून कंपनी कोणती तेपण कळतं, फोन विकेपर्यंत तोच राहतो. तुम्ही बंद करायला लावला, उद्या मेसवाला लावील, परवा क्लासवाला, मग ही पोरगी सकाळी कुठं होती अन रात्री कुठं गेली याची माळ कुणीबी ओवावी. २०१३ ला लंडनमधे रस्त्यावरच्या कचरापेट्यात असली यंत्रं बसवली होती, येणाऱ्याजाणाऱ्याचे फोन टिपायची, बोंबाबोंब झाल्यावर तिथल्या पालिकेनं बंद करायला लावलं. त्याच्यानंतरच २०१४ ला आयफोनच्या आयओएस ८ नं नेटवर्क शोधताना खोटा पत्ता सांगायला सुरुवात केली, २०१९ ला अँड्रॉईड १० अन २०२० ला आयओएस १४ नं जोडतानापण. उगंच नाही केलेलं हे.

गोदाकाठ_नांदेड
लंडनचं लंडनला. लातूरात कोण बसलंय रिसीव्हर लावून? आईबापाला पोरगं कुठंय ते कळलं तर बिघडलं काय?

मांजराकाठची
मी ज्या हॉस्टेलात होते तिथं रात्री कुणाचा फोन किती वाजता जोडला ते बघून घरी फोन जायचे. एकीचा फोन चार्जिंगला खालच्या खोलीत होता अन ती वर झोपलेली, तरी घरच्यांचं रामायण झालं. पोरांच्या हॉस्टेलात असले फोन का जात नाहीत तेवढं सांगा भाऊ.

संभाजीनगर_टॉवरवाला
भांडा निवांत, तवर मी कामाचं सांगतो. अभ्यासिकावाले, हा ताप तुमच्या उघड्या वायफायनं आलाय. आयओएस १८ पासून पासवर्ड नसलेल्या किंवा कच्च्या सुरक्षेच्या नेटवर्कवर आयफोन साधारण दोन आठवड्यानं पत्ता बदलतो, डब्ल्यूपीए२ (पासवर्डवाली पक्की सुरक्षा) किंवा त्याच्या वरचं असलं की एकच खोटा पत्ता धरून बसतो. अँड्रॉईड बहुतेकवेळा एका नेटवर्कला एकच पत्ता ठेवतो म्हणून ते पोरं तुमच्या दारात येईनात. पासवर्ड लावा, बोर्ड लावू नका. अन मॅकवरून माणूस ओळखायचा हा धंदाच मुळात कच्चा आहे हो, लॅपटॉपवर दुसऱ्याचा मॅक चिकटवायला दोन मिनिटं लागतात, आमच्या कॉलेजात अर्धी बॅच सरांच्या मॅकवर पिक्चर डाऊनलोड करायची.

लातूरचा_अभ्यासिकावाला
पासवर्ड लावला की संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला माहीत. चहाच्या टपरीवाल्यालाबी. म्हणून तर उघडं ठेवून ओटीपी लावला होता.

परभणी_पोरगा
सगळ्यांला एक पासवर्ड नका देऊ की, पोरागणिक युजरनेम पासवर्ड द्या, डब्ल्यूपीए२ एंटरप्राईज म्हणत्यात त्याला, मागं युजरनेम-पासवर्ड तपासणारा रेडियस सर्व्हर लागतो, जुन्या पीसीवर फुकटातला चालतो. एका नावावर एकावेळी दोनच जोडण्या. मॅक कितीदाबी बदलूद्या. अन तुमचा डीएचसीपी बघा, म्हणजे जोडलेल्या फोनला आयपी नंबर वाटणारं, २५४ आयपीचा पूल अन २४ तासाची लीज (एक आयपी राखून ठेवायची मुदत) असली की बदललेले पत्तेच आयपी अडवून बसतात, दोन-तीन तासाची करा. कोणता फोन खोटा पत्ता सांगायलाय तेपण ओळखता येतं, मॅकमधलं दुसरं अक्षर २, ६, ए नाहीतर ई असलं की तो घरचा बनवलेला.

गोदाकाठ_नांदेड
अभ्यासिकेत रेडियस सर्व्हर! उद्या म्हणसाल डेटा सेंटर टाका.

संभाजीनगर_टॉवरवाला
यावर तोड निघालीय तशी. ८०२.११बीएच-२०२४ नावाचं वायफायचं स्टँडर्ड झालंय, याच भांडणासाठी. त्यात नेटवर्क फोनला एक आयडी देतं, फोन पुढच्या वेळी नव्या मॅकनं आला तरी जोडताना तो आयडी झाकून परत देतो, बाहेरच्याला कायच दिसत नाही. तुळजापूरला चप्पल स्टँडवर बिल्ला देतात तसं, बिल्ला दाखवा चप्पल घ्या, नाव-गाव कोण विचारतंय. दुसरी एक पद्धतपण आहे त्यात, फोन जोडलेला असतानाच सांगून ठेवतो की पुढच्या वेळी मी अमुक पत्त्यानं येणारे. फोनला द्यायचा नसला तर आयडी न देता साधं जोडताबी येतं, नवा पाहुणा म्हणून.

मांजराकाठची
पण बिल्ला देणाराच वही घेऊन बसला तर? बाहेरच्यापासून वाचले, मालकापासून कुठं वाचले. माझ्या हॉस्टेलवाल्याला हे स्टँडर्ड मिळालं तर त्याला आनंदच होईल की, आता तर फोन चुकणारबी नाहीत!

संभाजीनगर_टॉवरवाला
ताई ते काम स्टँडर्डचं नाही. हवेतली गळती थांबवली, मालकाच्या वहीचं कायदा बघील.

मांजराकाठची
कायदा म्हणजे २०२३ चा डेटा संरक्षणवाला ना. त्यात १८ खालच्या मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे, अन अभ्यासिकेतले नीटवाले बरेचसे १६-१७ चेच. पण नियम आले २०२५ च्या नोव्हेंबरात, बरीचशी बंधनं दीड वर्षानं लागू, वरून शिक्षणसंस्थांला सुरक्षेच्या नावाखाली सूट. तवर वही चालूच.

लातूरचा_अभ्यासिकावाला
ताई माझी वही उघडून बघा, मला कोण कवा आलं याच्याशी घेणंच नाही. खुर्ची भरली का अन फुकटे किती घुसले एवढंच बघतो. अन ते बीएच का काय, माझे राउटर जुने, पोरांचे फोन त्याहून जुने, कोण बदलून देणार?

मांजराकाठची
घेणं नाही तर मग लॉग, म्हणजे कोण कवा जोडलं त्याच्या आपोआप पडणाऱ्या नोंदी, किती दिवस ठेवता ते सांगा. तीन महिन्याचे पडून असतील तर उद्या कुणाचा बाप येऊन मागील, तवा तुम्ही काय म्हणणार?

लातूरचा_अभ्यासिकावाला
खरं सांगू का, किती दिवसाचे राहतात तेच बघितलं नाही कधी. वायफाय बसवणाऱ्या पोरानं जसं लावून दिलं तसं चालूय. बोर्डचं तूर्त थांबवतो, परभणीवाल्या भावाचं युजरनेमचं एका मजल्यावर लावून बघतो. पण एक सांगतो, एखाद्या पोरानं माझ्या नेटवरून काय उलटंसुलटं केलं अन पोलीस दारात आले तर नाव मलाच द्यावं लागणार, तवा ही प्रायव्हसी माझ्या कामाची नाही.

मांजराकाठची
मग नाव युजरनेमवरून द्या ना, मॅक कशाला पायजे त्याला?

गोदाकाठ_नांदेड
अन पोरानं युजरनेम दोस्ताला दिलं असलं तर?

परभणी_पोरगा
तर दोस्त घुसला की याची एक जोडणी कमी. दोन दिवसात स्वतःच भांडून पासवर्ड बदलून घेतंय बघा. भाऊ तुमच्या राउटरचं मॉडेल टाका, एंटरप्राईज चालतंय का बघून सांगतो.