दुसरीतल्या मुलाच्या वर्तनाचे मूल्यमापन करण्यास शाळेला संमती द्यावी का?

अबोली

नमस्कार. आम्ही गेली चार वर्षे न्यू जर्सीत राहत आहोत. आमचा मुलगा सात वर्षांचा असून येथील सरकारी प्राथमिक शाळेत दुसरीत आहे. घरी आम्ही मराठीच बोलतो. पहिलीपर्यंत त्याच्याविषयी फारशी तक्रार आली नव्हती, परंतु या सप्टेंबरपासून वर्गात पेन्सिली फेकणे, टेबलाखाली जाऊन बसणे असे प्रकार सुरू झाले आणि दोनदा तो वर्गातून निघून थेट जिन्यापर्यंत गेला. गेल्या पाच आठवड्यांत शाळेने मला सहा वेळा फोन करून आज त्याला लवकर घेऊन जाल का, अशी विनंती केली आणि सहाही वेळा मी काम टाकून त्याला घरी आणले.

मागच्या आठवड्यात शाळेच्या चाइल्ड स्टडी टीमने, म्हणजे मुलाला विशेष मदतीची गरज आहे का हे तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने, आमची बैठक घेतली. त्याचे शैक्षणिक आणि मानसशास्त्रीय मूल्यमापन करावे आणि त्यासोबत फंक्शनल बिहेवियर असेसमेंट, म्हणजे त्यांच्या भाषेत एफबीए, करावे असे त्यांनी सुचवले. संमतिपत्र घरी आले आहे आणि ते आठ दिवस फ्रिजवर चुंबकाखाली तसेच आहे.

आमच्या घरात यावर एकमत होत नाही. माझ्या पतींना वाटते की एकदा सही केली की मुलाला वेगळ्या वर्गात बसवतील आणि तो शिक्का जन्मभर पुसला जाणार नाही. सासूबाई फोनवर सांगतात की मुलगा आहे, अंगात रग असायचीच, त्याचा बाबाही असाच होता. मला मात्र भीती वाटते की आपण काहीच केले नाही तर एक दिवस शाळाच त्याला काढून टाकेल. शिवाय घरी इंग्रजी बोलायला सुरुवात करा, असा सल्ला एका शिक्षिकेने दिला आहे, तो मनाला फार लागला. आम्ही येथे कामाच्या व्हिसावर आहोत, त्याचा या सेवांशी काही संबंध येतो का, हेही कळत नाही. ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

पारिजात

मी येथील एका प्राथमिक शाळेत बारा वर्षे विशेष शिक्षिका म्हणून काम करते. तुमच्या मुलाला मी पाहिलेले नाही, त्यामुळे त्याला काय आहे किंवा नाही याविषयी काही लिहिणार नाही. एफबीए म्हणजे काय, एवढे मात्र नीट सांगता येईल, कारण बहुतेक पालक त्याला मुलावरील आरोपपत्र समजतात आणि तेथेच घोटाळा होतो.

या मूल्यमापनात शालेय मानसशास्त्रज्ञ किंवा वर्तन-विश्लेषक वर्गात येऊन अनेक दिवस निरीक्षण करतात. प्रत्येक प्रसंगाच्या आधी काय घडले, मुलाने नेमके काय केले आणि त्यानंतर मोठ्या माणसांनी काय केले, अशा तीन गोष्टी वेळेसह लिहिल्या जातात. 'तो आक्रमक आहे' असे लिहिलेले चालत नाही. 'त्याने पेन्सिल तीन फुटांवर फेकली' असे, कोणालाही डोळ्यांनी पाहता येईल असे लिहावे लागते. अशा वीस-पंचवीस नोंदी झाल्या की त्या वागण्यातून मुलाला काय मिळते आहे ते दिसू लागते: नको असलेल्या कामातून सुटका, कोणाचे लक्ष, एखादी हवी असलेली वस्तू, की शरीराला हवी असलेली हालचाल किंवा शांतता.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. एक मुलगा रोज सकाळी वहीचा कागद खोडरबराने घासून फाडायचा आणि मग खुर्ची ढकलून द्यायचा. शिक्षिका त्याला ऑफिसात पाठवायच्या. ऑफिसातल्या बाई प्रेमळ होत्या, त्या त्याला प्रिंटरचे कोरे कागद नीट लावायला द्यायच्या आणि तो ते काम अतिशय मन लावून करायचा. सर्वांना वाटत होते की त्याला शिक्षा होते आहे. नोंदी पाहिल्यावर लक्षात आले की जवळजवळ सर्व प्रसंग दैनंदिनी लिहिण्याच्या तासाला घडत होते. अक्षर काढताना त्याची बोटे दुखत, ओळ सुटे, तो खोडे, कागद फाटे. खुर्ची ढकलली की हे सगळे संपते, हे आम्हीच त्याला रोज शिकवत होतो.

त्याच्या वर्तन-आराखड्यात, ज्याला येथे बीआयपी म्हणतात, चांगल्या वागणुकीचे स्टिकर हा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग होता. ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे लिहिण्यासारखी हाताची रोजची कामे जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाने, त्याला उठावदार रेघांचा कागद दिला. पहिली दोन वाक्ये त्याने तोंडी सांगायची आणि शिक्षिकेने लिहायची, तिसरे त्याने लिहायचे, असे ठरले. टेबलाच्या कोपऱ्यावर एक पिवळे कार्ड चिकटवले: ते उलटे केले की त्याला तीन मिनिटे उठता येई आणि कोणी कारण विचारत नसे. पहिल्या आठवड्यात त्याने ते कार्ड दिवसातून नऊ-दहा वेळा उलटे केले आणि शिक्षिका वैतागल्या. त्यांना तेव्हा समजावणे हेच माझे खरे काम होते, कारण खुर्ची ढकलण्याऐवजी कार्ड उलटणे हीच तर त्याची प्रगती होती. म्हणून तुमच्या हाती आराखडा येईल तेव्हा एवढे अवश्य पाहा की फेकण्याऐवजी मुलाने काय करायचे आणि ते त्याला कोण, कधी शिकवणार, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे का. 'विद्यार्थी स्वतःवर नियंत्रण ठेवेल' एवढेच लिहिले असेल तर तो आराखडा परत पाठवा. पालक तसे करू शकतात.

हरिश्चंद्रगड

आम्ही या वाटेने गेलो आहोत. आमची मुलगी आता सहावीत आहे. तुमच्या पतींची भीती मला अगदी ओळखीची वाटते, कारण ती माझीच होती आणि त्यापायी आम्ही पहिलीचे संपूर्ण वर्ष वाया घालवले. त्याची खंत मला आजही आहे.

त्यांना पहिल्यांदा हे सांगा की मूल्यमापनाची संमती म्हणजे विशेष शिक्षण सुरू करण्याची संमती नव्हे. कायद्याने या दोन वेगळ्या सह्या आहेत. अहवाल आल्यावर, तो पात्र ठरल्यावरही, सेवा नको असतील तर पालक पहिल्या वेळी नकार देऊ शकतात आणि सुरू झालेल्या सेवांची संमतीही पुढे लेखी मागे घेता येते. वेगळ्या वर्गाविषयी म्हणाल तर या देशातील विशेष शिक्षणाचा कायदा, जो 1975 मध्ये आला आणि 1990 पासून आयडिया या नावाने ओळखला जातो, तो उलट्या बाजूने सुरुवात करतो. पूरक मदत देऊनही सर्वसाधारण वर्गात समाधानकारक शिक्षण होत नसेल तरच मुलाला तेथून हलवावे, असे तो सांगतो. आमची मुलगी आजही तिच्या वर्गातच बसते आणि आठवड्यातून चार वेळा अर्धा तास संसाधन-शिक्षिकेकडे, म्हणजे जादा मदत करणाऱ्या विशेष शिक्षिकेकडे, जाते.

न्यू जर्सीत तुमच्या सहीपासून 90 दिवसांच्या आत मूल्यमापन, पात्रतेचा निर्णय आणि पात्र असल्यास आयईपी, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा, लागू होणे अपेक्षित असते. अहवाल बैठकीच्या किमान 10 दिवस आधी तुमच्या हातात यायला हवेत. आम्हाला हे ठाऊक नव्हते, त्यामुळे पहिल्या बैठकीत आम्ही तीस पानांचा अहवाल टेबलावरच चाळत बसलो आणि लाजेने माना डोलावत राहिलो. निष्कर्ष पटले नाहीत तर शाळेच्या खर्चाने स्वतंत्र मूल्यमापनाची मागणी करता येते. शाळेने ती मान्य करावी, नाहीतर आपले मूल्यमापन योग्य असल्याचे सुनावणीत सिद्ध करावे, असा नियम आहे.

आता तुमच्या सहा फोनांविषयी, कारण मला सर्वांत काळजी त्याचीच वाटली. शाळेने गोड शब्दांत घरी न्यायला सांगितले आणि आपण नेले, तर कागदोपत्री काहीच घडलेले नसते. अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्याला शिस्तभंगासाठी सलग 10 शालेय दिवसांपेक्षा जास्त काळ, किंवा ठरावीक पद्धतीने पुन्हा पुन्हा मिळून तितका काळ, बाहेर ठेवले तर ते वर्तन त्याच्या अपंगत्वामुळे घडले का, याची बैठक घेणे शाळेला भाग असते. अशा अनौपचारिक पाठवणीही या हिशेबात येऊ शकतात, असे अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण विभागाने जुलै 2022 च्या मार्गदर्शनात स्पष्ट केले आहे. पण नोंदच नसेल तर मोजणार कोण? म्हणून प्रत्येक वेळी त्याच दिवशी मुख्याध्यापकांना दोन ओळींची ईमेल पाठवा: आज अमुक वाजता शाळेच्या विनंतीवरून मुलाला घरी नेले, कृपया कारण लेखी कळवावे. भांडणाचा सूर नको. आणखी एक गोष्ट: मुलाला विशेष शिक्षणाची गरज असावी अशी काळजी पालकांनी शिक्षकांना किंवा प्रशासनाला आधीच लेखी कळवली असेल, तर पात्रता ठरण्यापूर्वीही त्याला शिस्तीच्या बाबतीत हे संरक्षण मागता येते. मात्र पालकांनीच मूल्यमापन नाकारले तर ते संरक्षण मिळत नाही. फ्रिजवरच्या त्या कागदाचे महत्त्व यावरून लक्षात यावे.

व्हिसाची चिंता सोडा. सरकारी शाळेतील शिक्षण इमिग्रेशनच्या दर्जावर अवलंबून ठेवता येत नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच ठरवले आहे, आणि विशेष शिक्षणाच्या सेवा विनाशुल्कच असतात.

स्वरव्यंजन

मी वाचा-भाषा तज्ज्ञ आहे आणि दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांबरोबर काम करते. अबोलीताई, घरची मराठी कृपया थांबवू नका. दोन भाषांमुळे वर्तनाच्या अडचणी किंवा भाषादोष निर्माण होत नाहीत. ज्या मुलाला आधीच वर्गात मन मोकळे करता येत नाही, त्याच्याकडून घरीही त्याची भाषा काढून घेतली तर चिडल्यावर त्याने बोलायचे तरी कशात? आजीशी फोनवर त्याचे जे नाते आहे तेही त्या भाषेतच आहे.

भाषेचा प्रश्न येतो तो मूल्यमापनात. मुलाचे कौशल्य ज्या भाषेत खरे कळेल त्या भाषेत आणि त्या पद्धतीने चाचणी व्हावी, असे कायदा सांगतो. संमतिपत्रासोबत एक ओळ जोडा की मुलगा मराठी-इंग्रजी द्विभाषिक आहे आणि याचा विचार व्हावा. मराठीतील प्रमाणित चाचण्या येथे सहसा हाताशी नसतात, त्यामुळे दुभाष्याच्या मदतीने तुमची सविस्तर मुलाखत घेणे आणि घरी तो मराठीत गोष्ट कशी सांगतो याचा नमुना घेणे, हे तरी आग्रहाने मागा.

एक बारीक निरीक्षण सांगते, जे मला अनेक मराठी घरांतील मुलांमध्ये दिसले आहे. आपण घरी सरळ सांगतो: 'पेन्सिल ठेव, हात धू, ये जेवायला.' येथील शिक्षिका तीच आज्ञा प्रश्नासारखी करतात: आता पेन्सिल ठेवायला तुला आवडेल का? मूल प्रामाणिकपणे 'नाही' म्हणते आणि त्याच्या नावापुढे अवज्ञा अशी नोंद होते. माझ्याकडील एका मुलीच्या बाबतीत शिक्षिकेने केवळ सूचना आज्ञार्थी, छोट्या आणि एका वेळी एकच अशी द्यायला सुरुवात केली, तेव्हा नोंदी निम्म्याहून कमी झाल्या. तुमच्या मुलाचे कारण हेच असेल असे नाही, पण निरीक्षकाला हे लक्षात ठेवायला सांगा. वर्गातील एक वाक्यही मूल्यमापनाचा भाग असते.

अबोली

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. पारिजातताईंचे उत्तर वाचून मी फोनमधील कॉलची यादी उघडली. शाळेच्या सहा फोनांपैकी पाच 10:35 ते 11:05 या वेळेत आले आहेत. वर्गाचे वेळापत्रक काढून पाहिले, तर 10:15 ते 11 हा लेखनाचा तास आहे. मी इतके दिवस हे एकमेकांशेजारी ठेवून पाहिलेच नव्हते. मग आठवले की दिवाळीत आजीला शुभेच्छापत्र लिहिताना त्याने चित्र अर्धा तास रंगवले आणि नाव मात्र 'तू लिही' म्हणून माझ्यापुढे सरकवले होते. मी त्याला आळशी म्हणाले होते.

पतींनी हा संपूर्ण धागा रात्री दोनदा वाचला. दोन वेगळ्या सह्या असतात हे कळल्यावर ते बरेच शांत झाले. आज सकाळी आम्ही दोघांनी सही केली, तारखेसह प्रत ठेवली आणि सोबत एका पानाचे पत्र जोडले: द्विभाषिक असल्याची नोंद, सहा पाठवणींच्या तारखा व वेळा, आणि लेखनाच्या तासाला निरीक्षण करावे व हाताच्या सूक्ष्म हालचालींसाठी ऑक्युपेशनल थेरपीचे मूल्यमापनही करावे ही विनंती. एकच शंका उरली आहे. पुन्हा 'आज घेऊन जा' असा फोन आला तर मी जायला नकार द्यावा का?

पारिजात

थेट नकार देऊ नका, कारण त्या क्षणी तो तिथे घाबरलेला असेल आणि ताण त्याच्यावर येईल. फोनवर विचारा की तो आजारी आहे का, की त्याला शिस्तीसाठी घरी पाठवले जात आहे. दुसरे असेल तर ते लेखी द्या, मी निघते, असे शांतपणे सांगा. बहुतेक वेळा या प्रश्नानंतर शाळाच तिसरा मार्ग शोधते: समुपदेशकाच्या खोलीत वीस मिनिटे बसवून त्याला वर्गात परत नेणे. न्यावेच लागले तर घरी आल्यावर शाळा सुटेपर्यंत टीव्ही किंवा खेळ नको, शिक्षा म्हणूनही काही नको. लेखनाच्या तासाचे राहिलेले काम त्याच्या शेजारी बसून, त्याने सांगायचे आणि तुम्ही लिहायचे, असे मराठीत पूर्ण करा. तो कागद जपून ठेवा आणि बैठकीला घेऊन या. मुलाला सांगायचे किती होते आणि हाताने किती उतरते, हे त्या एका कागदावरून टीमला दिसेल.